संगणकशास्त्रातला प्रबंध करताना या चुका टाळा

एम.टेक., एमसीए आणि पीएच.डी.चे प्रबंध गेली अनेक वर्षे तपासत असल्यामुळे त्यांतल्या काही चुका मला आता सिनॉप्सिस वाचतानाच दिसू लागतात. विषय दर वर्षी बदलतात. कधी पिकांवरचे रोग असतात, कधी नेटवर्कमधली घुसखोरी, कधी रुग्णालयातल्या रांगा. चुका मात्र त्याच राहतात आणि त्या बहुतेक वेळा अल्गोरिदममध्ये नसतात. डेटा कुठून आला, तो कोणी नोंदवला आणि आपण त्याचे भाग कसे पाडले, या प्रश्नांना वेळ न देता विद्यार्थी पहिल्याच आठवड्यात मॉडेल चालवायला बसतो आणि त्या घाईची किंमत थेट व्हायवाच्या दिवशी मोजतो. पहिल्या रिव्ह्यूमध्ये ‘रिझल्ट किती आला’ एवढेच विचारणारे मार्गदर्शकही पुष्कळ आहेत, त्यामुळे सगळा दोष विद्यार्थ्याच्या माथी मारणे योग्य नाही.

टेस्टचा डेटा ट्रेनिंगमध्ये मिसळणे

मॉडेल ज्या डेटावरून शिकते तो ट्रेनिंगचा आणि ज्यावर त्याची परीक्षा घेतली जाते तो टेस्टचा. हे दोन मिसळण्याची चूक सर्वांत जास्त वेळा आढळते आणि सर्वांत जास्त नुकसान करते, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहितो.

एका महाविद्यालयात मी बाह्य परीक्षक म्हणून गेलो होतो. पानांच्या छायाचित्रांवरून डाळिंबावरच्या तेल्या रोगाचे निदान करणे, हा विद्यार्थ्याचा विषय होता. त्याने सांगोला तालुक्यातल्या बागांमध्ये स्वतः फिरून मोबाइलवर छायाचित्रे काढली होती. हे कौतुकास्पद होते, कारण आयता डेटासेट उतरवून घेणे त्याला सहज शक्य होते. प्रत्येक पानाची त्याने वेगवेगळ्या कोनांतून पाच-सहा छायाचित्रे घेतली, मग ती फिरवून, उलटवून, उजेड कमी-जास्त करून त्यांची संख्या कित्येक पटींनी वाढवली आणि हे सगळे झाल्यावर त्यांची ट्रेनिंग आणि टेस्टसाठी ऐंशी-वीस अशी विभागणी केली. अचूकता 98 टक्क्यांच्या वर आली होती. मी त्याला टेस्टच्या फोल्डरमधले कोणतेही एक छायाचित्र उघडायला सांगितले. त्या पानाच्या डाव्या कडेला किडीने खाल्लेली एक अर्धगोल खाच होती आणि तिच्या लगतच तेल्याचे दोन डाग एकमेकांत मिसळलेले होते. त्याच क्रमांकाच्या फाइल आम्ही ट्रेनिंगच्या फोल्डरमध्ये शोधल्या, तर तीच खाच आणि तेच दोन डाग तिथेही होते. एका छायाचित्रात पान आडवे होते, दुसऱ्यात उजेड थोडा कमी होता. मॉडेलने रोग ओळखला की पान ओळखले, हे त्या 98 टक्क्यांवरून सांगण्याचा कोणताही मार्ग उरला नव्हता.

काही बागा पूर्णपणे टेस्टसाठी राखून ठेवून प्रयोग पुन्हा करावा, असे आम्ही सुचवले. अचूकता सत्तरीच्या आसपास उतरली. विद्यार्थी आणि त्याचे मार्गदर्शक दोघेही आधी नाराज झाले. परंतु सुधारित प्रबंधात मॉडेल कोणत्या बागेत चुकते आणि का चुकते याचे एक स्वतंत्र प्रकरण आले आणि संपूर्ण प्रबंधात तेच सर्वांत उपयोगाचे ठरले.

या विषयावर काम करणारे बहुतेक जण प्लांटव्हिलेज हा पानांच्या छायाचित्रांचा डेटासेट वापरतात. 2016 साली मोहंती, ह्यूज आणि सालाते यांनी त्यातल्या 14 पिकांच्या 54,306 छायाचित्रांवर 99.35 टक्के अचूकता मिळवली. एकाच पानाची छायाचित्रे कोणती हे जिथे ठाऊक होते, तिथे ती सगळी एकाच बाजूला राहतील याची काळजीही त्यांनी घेतली होती. तरीसुद्धा वेगळ्या परिस्थितीत काढलेल्या छायाचित्रांवर तेच मॉडेल सुमारे 31 टक्क्यांवर घसरले आणि हे त्यांनी त्याच शोधनिबंधात नमूद केले आहे. आपले विद्यार्थी त्यातला 99.35 हा आकडा उचलतात आणि 31 टक्क्यांचा परिच्छेद वाचतही नाहीत. पुढे 2022 साली याच डेटासेटवर असे दाखवून देण्यात आले की पानाकडे मुळीच न पाहता पार्श्वभूमीतले फक्त आठ पिक्सेल घेतले, तरी 49 टक्के अचूकता मिळते. पीक आणि रोग यांच्या जोड्यांचे एकूण 38 वर्ग असल्यामुळे निव्वळ अंदाजाने तीन टक्केसुद्धा मिळायला नकोत.

माझ्या विद्यार्थ्यांना मी एक शिस्त लावली आहे. डेटा हाती आला की सर्वांत आधी टेस्टचा भाग वेगळा काढायचा, दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवायचा आणि शेवटच्या टप्प्यापर्यंत तो उघडायचा नाही. स्केलिंग (आकडे एका मापात आणणे), रिकाम्या जागा भरणे, फीचर (उपयोगी रकाने) निवडणे, स्मोट हे तंत्र वापरून कमी असलेल्या वर्गाच्या नोंदी वाढवणे, हे सगळे त्यानंतर आणि फक्त ट्रेनिंगच्या भागावर करायचे. विभागणी कोणत्या एककावर करायची, हे कोड लिहिण्यापूर्वी कागदावर लिहून माझी सही घ्यायची: रुग्ण, शेत, व्यक्ती, यंत्र, जे असेल ते. चेस्ट एक्स-रे 14 या डेटासेटमध्ये 1,12,120 छायाचित्रे असली, तरी रुग्ण 30,805 आहेत; छायाचित्रांची सरसकट विभागणी केली, तर एकाच माणसाची छाती दोन्हीकडे जाणारच. वेळेनुसार बदलणारा डेटा असेल, तर तारखेवर रेघ मारायची आणि रेघेआधीचा जुना भाग ट्रेनिंगला, नंतरचा टेस्टला द्यायचा. बाजारभावाच्या अंदाजावरच्या प्रबंधात नोंदी यादृच्छिक पद्धतीने पिसलेल्या दिसल्या, की पुढचा आलेख पाहण्याची गरज राहत नाही, कारण तिथे उद्याचा भाव पाहून आजचा सांगितलेला असतो.

ही चूक नवशिक्यांपुरती आहे असे कोणी समजू नये. प्रिन्स्टनच्या सयाश कपूर आणि अरविंद नारायणन यांनी 2023 साली प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात 17 विद्याशाखांतल्या 294 शोधनिबंधांवर या दोषाचा, म्हणजे टेस्टची माहिती ट्रेनिंगमध्ये गळण्याचा, परिणाम झाल्याचे दिसते. अचूकता अपेक्षेपेक्षा फार चांगली आली, तर त्या दिवशी पेपर लिहायला घेऊ नये; गळती शोधायला बसावे.

डेटासेट उघडून न पाहणे

मधुमेहाच्या निदानावरचे प्रबंध दर वर्षी येतात आणि त्यांतले बहुतेक पिमा डेटासेटवर असतात. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनातील पिमा समाजाच्या 768 स्त्रियांच्या त्या नोंदी आहेत. त्यांत इन्शुलिनच्या रकान्यात 374 ठिकाणी, रक्तदाबाच्या रकान्यात 35 ठिकाणी आणि बीएमआयच्या रकान्यात 11 ठिकाणी शून्य आहे. जिवंत माणसाचा रक्तदाब शून्य नसतो. ते मोजमाप घेतलेलेच नाही, एवढाच त्या शून्याचा अर्थ आहे. तरीही ते शून्य तसेच मॉडेलला दिले जाते. शिवाय 768 पैकी 500 स्त्रियांना मधुमेह नव्हता, म्हणजे सरसकट सगळ्यांना ‘नाही’ म्हटले तरी अचूकता 65 टक्के येते, हे लक्षात न घेता 77 टक्क्यांचा आनंद साजरा होतो. मुळात एका विशिष्ट समाजातल्या स्त्रियांच्या नोंदींवरून महाराष्ट्रातल्या ग्रामीण रुग्णांविषयी निष्कर्ष काढता येतो का, हा प्रश्न प्रस्तावनेतच यायला हवा.

हाच प्रकार क्रेडिट कार्डच्या फसवणुकीच्या प्रसिद्ध डेटासेटचा. 2,84,807 व्यवहारांत फसवणुकीचे फक्त 492 आहेत, म्हणून एकही फसवणूक न पकडणारे मॉडेल तिथे 99.83 टक्के अचूक ठरते. अशा ठिकाणी प्रिसिजन (पकडलेल्यांपैकी खऱ्या फसवणुकी किती) आणि रिकॉल (खऱ्या फसवणुकींपैकी पकडल्या किती) द्यावेत, अचूकतेचा रकाना काढून टाकावा.

नेटवर्कमधली घुसखोरी ओळखण्यासाठीचा केडीडी 99 हा डेटासेट वापरणे आता थांबवावे. त्यातली रहदारी 1998 सालची, कृत्रिमरीत्या तयार केलेली आहे आणि ट्रेनिंगमधल्या सुमारे 78 टक्के नोंदी पुनरावृत्त आहेत, हे 2009 सालीच सिद्ध झाले आहे.

जागेवर न जाता प्रणालीचे विश्लेषण करणे

सिस्टिम्स अ‍ॅनालिसिसच्या प्रबंधांत मला सर्वांत जास्त खटकते ती गोष्ट म्हणजे खोलीत बसून काढलेली आकृती. माहिती कुठून कुठे जाते हे दाखवणारा डेटा फ्लो डायग्राम नीटनेटका असतो, बाण सगळे जुळतात, आणि ज्या कार्यालयाची ती प्रणाली आहे तिथे विद्यार्थी एकदाच, तेही परवानगीचे पत्र द्यायला गेलेला असतो.

आमच्या विभागातल्या एका विद्यार्थिनीने जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका रुग्णालयातल्या ओपीडीचे सिम्युलेशन करण्याचा विषय घेतला होता. रुग्णालयाच्या संगणकातून तिला केस पेपरची नोंदणी आणि डॉक्टरांची तपासणी यांच्या वेळा मिळाल्या. त्यांवरून तिने रुग्णांच्या येण्याचे वितरण बसवले, मॉडेल चालवले आणि रुग्णाला सरासरी चार मिनिटे थांबावे लागते असा निष्कर्ष काढला. सांख्यिकी चाचण्या व्यवस्थित होत्या, आलेखही उत्तम होते. मी तिला लिट्लच्या नियमाने पडताळा करायला सांगितले. जॉन लिट्ल यांनी 1961 साली सिद्ध केलेला हा नियम अगदी साधा आहे: रांगेतल्या माणसांची सरासरी संख्या म्हणजे येण्याचा दर गुणिले थांबण्याची सरासरी वेळ. तिच्याच आकड्यांनुसार तासाला साठ रुग्ण येत होते, म्हणजे मिनिटाला एक. तेव्हा चार मिनिटांच्या प्रतीक्षेत रांगेत सरासरी चार माणसे असायला हवीत. तिला मी एवढेच विचारले की सकाळी दहा वाजता त्या व्हरांड्यात किती माणसे असतात. तिला ते सांगता येईना, कारण ती नेहमी दुपारी जात असे.

सोमवारी सकाळी ती तिथे जाऊन बसली. दोन्ही बाके भरलेली होती, भिंतीला टेकून माणसे उभी होती आणि चाळिसाच्या खाली संख्या येत नव्हती. खिडकीमागचे कारकून संगणकाला हातही लावत नव्हते. लाल कापडी बांधणीच्या उभ्या वहीत नाव, वय, गाव लिहून ते चिठ्ठी फाडून देत होते. तिने विचारल्यावर त्यांनी सरळ सांगितले, “ताई, एवढ्या गर्दीत टाइप करत बसलो तर रांग रस्त्यावर जाईल. आधी वहीत घेतो, जेवण झालं की चढवतो.” नोंदणीची वेळ आणि तपासणीची वेळ या दोन्ही दुपारी एकामागोमाग चढवल्या जात होत्या. तिने मोजलेली चार मिनिटे ही टंकलेखनाची होती, रुग्णाच्या प्रतीक्षेची नव्हती.

त्या कारकुनांना दोष देता येणार नाही. त्यांच्यापुढची अडचण त्यांनी शहाणपणाने सोडवली होती. विश्लेषकाचे काम तीच तोड समजून घेण्याचे असते. विद्यार्थिनीने पुढे वेगवेगळ्या वारी आणि वेगवेगळ्या वेळी बसून घड्याळ लावून नोंदी घेतल्या, वही हा प्रणालीचा घटक म्हणून आकृतीत दाखवला आणि प्रतीक्षेचा आकडा अर्ध्या तासाच्या पलीकडे गेला.

म्हणून माझा आग्रह असतो की डेटाबेसमधल्या प्रत्येक वेळेच्या रकान्यापुढे ती वेळ कोण, कधी आणि कशावरून भरतो, हे लिहावे. अधिकाऱ्याची मुलाखत घ्यावीच, परंतु नोंद करणाऱ्या माणसाशेजारी बसल्याशिवाय गरजांचे प्रकरण लिहू नये. लंडनच्या रुग्णवाहिका सेवेने 26 ऑक्टोबर 1992 रोजी सुरू केलेली संगणकीय प्रणाली लगेच कोलमडली, त्यामागेही हीच गोष्ट होती. प्रत्येक वाहन कुठे आहे याची जवळजवळ निर्दोष माहिती मिळत राहील, असे तिने गृहीत धरले होते. प्रत्यक्षात कर्मचाऱ्यांकडून बटणे चुकीच्या क्रमाने दाबली जात होती किंवा दाबायची राहत होती, आणि एकाच ठिकाणी अनेक वाहने पाठवली जाऊ लागली.

मोजमापातल्या चुका

एकदाच प्रोग्राम चालवून ‘आमची पद्धत 6 टक्क्यांनी वेगवान आहे’ असे लिहू नये. मिटकोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 साली दाखवले की एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलचा (प्रोग्रामला संगणकाकडून मिळणाऱ्या सेटिंगचा) आकार किंवा फाइल लिंक करण्याचा क्रम बदलला, तरी वेगाविषयीचा निष्कर्ष उलटू शकतो. लॅपटॉप चार्जरला लावून, इतर प्रोग्राम बंद करून, पहिल्या काही फेऱ्या सोडून देऊन किमान तीस फेऱ्या घ्याव्यात, असा माझा प्रघात आहे. प्रतिसादाच्या वेळेची केवळ सरासरी देऊ नये. पंचाण्णवावे आणि नव्याण्णवावे शतमान (म्हणजे 95 आणि 99 टक्के प्रतिसाद ज्या वेळेच्या आत येतात ती वेळ) द्यावे, कारण वापरणारा वैतागतो तो तिथेच. तुलनेसाठी घेतलेल्या जुन्या पद्धतीचे पॅरामीटरही तेवढ्याच कष्टाने जुळवावेत. आपली पद्धत आठवडाभर घासायची आणि दुसऱ्याची मूळ सेटिंगवर चालवायची, ही अप्रामाणिक तुलना आहे.

लेखनातल्या चुका

अ‍ॅब्स्ट्रॅक्ट वाचून संदर्भ देऊ नयेत. स्क्रीनशॉट म्हणजे रिझल्ट नव्हे. पैसे भरून आठवड्यात छापणाऱ्या जर्नलमध्ये पेपर देऊ नये. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2022 च्या नियमांनुसार पीएच.डी.साठी प्रबंधापूर्वी पेपर छापण्याची सक्तीही आता राहिलेली नाही.

साम्य तपासणीचा अहवाल 10 टक्क्यांच्या आत आणण्यासाठी वाक्ये सॉफ्टवेअरमधून फिरवून घेण्याची पद्धत फार वाढली आहे. यूजीसीच्या 2018 च्या नियमांत 10 ते 40 टक्के साम्य असल्यास सहा महिन्यांत सुधारित प्रबंध देण्याची आणि 60 टक्क्यांपुढे नोंदणी रद्द करण्याची तरतूद आहे, एवढेच विद्यार्थ्यांना ठाऊक असते. फिरवलेले वाक्य आकडा कमी करते, पण त्यात ‘सपोर्ट व्हेक्टर मशीन’ या अल्गोरिदमच्या नावाचे ‘आधार सदिश यंत्र’ यासारखे काहीतरी होऊन बसते आणि परीक्षकाला ते पहिल्याच पानावर कळते. मूळ शोधनिबंध वाचून, तो मिटवून, मग आपल्या शब्दांत लिहावे.

कोडसाठी गिट (आवृत्त्या सांभाळणारे साधन) पहिल्या दिवसापासून वापरावे, रँडम सीड (यादृच्छिक आकड्यांचा आरंभीचा क्रमांक) नोंदवावा, लायब्ररींच्या आवृत्त्या लिहून ठेवाव्यात. प्रबंध सादर करण्याच्या दोन महिने आधी संपूर्ण कोड आणि डेटा एखाद्या कनिष्ठ विद्यार्थ्याला द्यावा आणि त्याच्या मशीनवर प्रबंधातला निदान एक तक्ता जसाच्या तसा निघतो का ते पाहावे. आपण शेजारी बसून काही सांगू नये. सहसा पहिल्याच ओळीवर गाडी अडते, कारण तिथे स्वतःच्या डेस्कटॉपचा पत्ता लिहिलेला असतो. दुरुस्तीला तेव्हा दोन महिने हातात असतात.