साइट साफ केली तरी पुन्हा हॅक होतेय? शेअर्ड होस्टिंगवर या चुका टाळा

‘सर, गुगलवरून आमची साइट उघडली की जुगाराचं पान येतंय. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर मात्र बरोबर दिसतेय.’ सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलवाल्यांचा असा फोन आला, की ‘तुमच्या मोबाईलमध्येच काहीतरी असेल’ असं सांगून मोकळं होऊ नका. असला मालवेअर, म्हणजे साइटमध्ये घुसवलेला घातक कोड, मालकाला दिसू नये म्हणूनच लिहिलेला असतो. माणूस गुगलवरून आलाय का, मोबाईलवर आहे का, लॉगिन केलेला तर नाही ना, एवढं पाहून मगच तो त्याला दुसरीकडे पळवतो. त्यामुळे वायफाय बंद करून, इन्कॉग्निटोमध्ये, गुगलवर नाव शोधून साइट उघडा. साइटमालकांसाठी गुगलचं सर्च कन्सोल असतं, त्यातलं सिक्युरिटी इश्यूजचं पानही बघा.

हॅक झालंय हे पटलं, की खापर फुटतं होस्टिंगवर. शेअर्ड सर्व्हर आहे, म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट, शेजाऱ्यामुळे झालं असणार! तसं होऊ शकतं, नाही असं नाही. पण बऱ्याच होस्टिंगवर आता क्लाउडलिनक्सच्या केजएफएससारखी सोय असते आणि ती प्रत्येक अकाउंट वेगळं कोंडून ठेवते. उपद्रवी शेजारी बहुतेक वेळा तुमच्याच अकाउंटमध्ये राहत असतो. एकच सीपॅनेल, म्हणजे होस्टिंग सांभाळायचं एकच खातं, त्यात टॉवेलची साइट, मेव्हण्याच्या युनिफॉर्मच्या धंद्याची साइट, कुठल्याशा वर्षी गड्डा यात्रेतल्या स्टॉलसाठी बनवलेलं पान आणि ‘टेस्ट’ नावाचा एक फोल्डर. या सगळ्यांचा सर्व्हरवरचा युजर एकच असतो. त्या टेस्टमधल्या जुन्या प्लगिनमधून (साइटला जोडलेल्या जादा सोयीच्या सॉफ्टवेअरमधून) कुणी आत आलं, की त्याला चारही फोल्डरमध्ये लिहिता येतं. तुम्ही टॉवेलची साइट घासूनपुसून लख्ख करता आणि ‘टेस्ट’ ती दुसऱ्या दिवशी पुन्हा खराब करतं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. लागत नाही ते डेटाबेससकट काढून टाका, साफ करायचं तर अकाउंटमधलं सगळं एकदम करा आणि दोन धंद्यांच्या साइट दोन वेगळ्या अकाउंटवर ठेवा. वर्षाचे थोडे पैसे वाढतात, वाढू द्या.

साफसफाईत घाई नडते ती अशी. अपलोड्सच्या फोल्डरमध्ये चादरींच्या फोटोंच्या रांगेत एखादी पीएचपीची, म्हणजे सर्व्हरवर चालणाऱ्या कोडची, फाइल बसलेली असते, नाव असं की फोटोच वाटावा. तिथे पीएचपीला काही काम नसतं. दिसली तर आधी उघडून वाचा आणि त्या फोल्डरमध्ये पीएचपी चालणारच नाही असा नियम सर्व्हरचे नियम लिहायच्या फाइलमध्ये, म्हणजे एचटीअ‍ॅक्सेसमध्ये टाका. ‘नुकत्याच बदललेल्या फाइल’ पाहून मात्र निर्धास्त होऊ नका, फाइलवरची तारीख मागची टाकता येते. साइट वर्डप्रेस या सॉफ्टवेअरवर असेल तर त्याच्या मूळ फाइल आणि प्लगिन ताज्या उतरवून बदलणंच बरं. इंडेक्स फाइल दुरुस्त केली आणि मिनिटभरात पुन्हा बिघडली, तर क्रॉन जॉब, म्हणजे ठरावीक वेळी आपोआप चालणारी कामं, पाहा. तिथे काही नसेल तर मागे एखादी प्रोसेस चालू असू शकते. ती थांबवायला होस्टिंगच्या सपोर्टला सांगा.

अनोळखी अ‍ॅडमिन युजर उडवा. मग सीपॅनेल, फाइल चढवायचं एफटीपी, डेटाबेस, वर्डप्रेस आणि डोमेनला जोडलेला ईमेल, सगळ्यांचे पासवर्ड बदला. कॉन्फिग फाइलमधल्या सॉल्ट कीज (लॉगिन राखणाऱ्या गुप्त किल्ल्या) बदलल्या की आधीच आत बसलेलेही लॉगआउट होतात, हे हमखास राहून जातं. आणि हे सगळं करायचं ते स्वच्छ कॉम्प्युटरवरून. क्रॅक टाकलेल्या विंडोजवर नवा पासवर्ड टाईप केला, तर तोही चोरीला जाऊ शकतो.

पैसे देऊन घ्यायची थीम फुकटात मिळाली म्हणून टाकणाऱ्यांना काय सांगायचं? फुकट ते पौष्टिक नसतं इथे. अशा थीममध्ये मागचं दार बरेचदा आधीच उघडं ठेवलेलं असतं. फोटो चढत नाहीत म्हणून फोल्डरला ७७७, म्हणजे कुणीही लिहावं अशी परवानगी देणंही सोडा, फोल्डरला ७५५ आणि फाइलला ६४४ पुरतं. पीएचपी ७.४ चा सपोर्ट नोव्हेंबर २०२२ मध्येच संपलाय, अजून त्यावर असाल तर बदला.

बॅकअपची झिप त्याच पब्लिक फोल्डरमध्ये ठेवणारे पुष्कळ. तिचं नाव ओळखलं की ती कुणालाही उतरवता येते आणि आत डेटाबेसचा पासवर्ड असतो. बॅकअप सर्व्हरबाहेर ठेवा, आणि फक्त कालचा नको. मालवेअर आठवडेच्या आठवडे गुपचूप बसून असेल, तर कालच्या बॅकअपमध्येही तो असतोच.

सगळं झाल्यावरच सर्च कन्सोलमधून रिव्ह्यूची विनंती पाठवा. मालवेअरच्या बाबतीत उत्तराला काही दिवस लागतात, स्पॅम पानं घुसवली असतील तर काही आठवडेही. तोवर गुगलवरच्या जाहिराती बंद ठेवा आणि नेहमीच्या व्यापाऱ्यांना कॅटलॉग व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा.