कमी दराची खास ऑर्डर: होकारापूर्वीचा हिशेब

वडोदऱ्यातील मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत सुटे भाग बनवणाऱ्या मराठी उद्योजकांनी कमी दराची मोठी ऑर्डर केवळ पूर्ण उत्पादनखर्चाशी ताडून नाकारू नये. समजा, एका नगाचा खर्च १०० रुपये आहे. त्यात कच्चा माल, वीज आणि नगावरची मजुरी मिळून ७० रुपये, तर उरलेले ३० रुपये भाडे, पगार व घसारा (यंत्रांच्या झिजेचा खर्च) यांचा वाटा आहे, जो ऑर्डर नाकारली तरी चुकत नाही. म्हणून यंत्रे रिकामी असतील, तर ८५ रुपयांचा दरही प्रत्येक नगामागे १५ रुपये देतो; ४,००० नगांवर मिळणाऱ्या ६०,००० रुपयांतून या ऑर्डरसाठी लागणाऱ्या नव्या डायचे (साच्याचे) २०,००० वजा केले, तरी ४०,००० उरतात.

यंत्रे भरलेली असतील तर मात्र १२० रुपयांना विकला जाणारा, तितकाच यंत्रवेळ घेणारा नेहमीचा नग मागे ठेवावा लागतो आणि त्यावरचे ५० रुपये बुडतात; अशा वेळी ७० चा खर्च, हे ५० आणि डायचे नगामागे ५ धरून १२५ च्या खाली मुळीच उतरू नये. सर्वांत जास्त जपावे ते जुन्या ग्राहकांना, कारण हा दर त्यांच्या कानी गेला तर तेही तोच मागतील. त्यामुळे अशी ऑर्डर शक्यतो वेगळ्या बाजारपेठेसाठी, ठरावीक मुदतीपुरती आणि लेखी अटींवरच घ्यावी.