स्वस्त लॅपटॉपवर फिरतीचं चित्रकाम : बडोद्याचा अनुभव

बडोद्यात आमंत्रणपत्रिका, चित्रं, फोटो असली कामं अंगावर घेतली की ती घरच्या टेबलाशी बसून पुरी होत नाहीत. पत्रिकेचा मजकूर यजमानांच्या दिवाणखान्यात बसून ठरतो. नवरात्रात गरब्याचे फोटो त्याच रात्री हवे असतात. छापखान्यात उभ्याउभ्या कुणाच्या तरी आडनावातला ऱ्हस्व-दीर्घ बदलून द्यावा लागतो. या कामात नव्याने येणारी मुलं त्यामुळे पहिल्यांदा हेच विचारतात, "ताई, लॅपटॉप कोणता घेऊ?"

मी त्यांना सांगते, बाहेर कोणतं काम करायचं आणि घरी कोणतं, हे आधी ठरवा. ते ठरलं की चाळीस-पन्नास हजारांतलं मशीनही पुरतं. कच्ची रेखाटनं, फोटो निवडणं, मजकूर बसवणं, व्हिडिओची ढोबळ जोडणी ही माझी बाहेरची कामं. रंगांवरचा शेवटचा हात आणि मोठ्या फाइली बाहेर काढणं घरी. बॅटरीवर चालताना बहुतेक लॅपटॉप वीज वाचवायला आपला वेग कमी करतात, त्यामुळे जड काम बाहेर करायला गेलं तर वेळही जातो आणि बॅटरीही.

पैसे कुठे घालायचे? माझ्या मते सगळ्यांत आधी पडद्यावर. स्वस्त लॅपटॉपच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरात '४५% एनटीएससी' असं लिहिलेलं असतं (एनटीएससी म्हणजे पडदा किती रंग दाखवतो ते मोजायचं एक जुनं माप). तो पडदा एसआरजीबीतले, म्हणजे फोटो आणि वेबसाठी सर्रास धरल्या जाणाऱ्या रंगसंचातले, साधारण साठ-पासष्ट टक्केच रंग दाखवतो. हे आकडे कोरडे वाटत असतील तर दांडिया बाजारातल्या तांबेकर वाड्यात जाऊन या. बडोदा संस्थानचे दिवाण भाऊ तांबेकर यांच्या या वाड्याच्या भिंतींवर एकोणिसाव्या शतकातली चित्रं आहेत. त्यांचे फोटो असल्या पडद्यावर उघडले की त्यातला तांबडा विटकरी आणि मळका दिसतो. मग हात आपोआप रंग चढवायला जातो, आणि तोच फोटो चांगल्या पडद्यावर किंवा कागदावर पाहिला की तांबडा अंगावर येतो. म्हणून '१००% एसआरजीबी' किंवा '७२% एनटीएससी' लिहिलेला आयपीएस पडदाच (तिरका बघितला तरी रंग फारसे न बदलणारा) मागा. दुकानात आपल्या फोनमधला एक फोटो लॅपटॉपवर घेऊन दोन्ही पडदे शेजारी धरा, लॅपटॉपचा पडदा मागे-पुढे कलवून बघा. रंग बदलत असतील तर ते मशीन चित्रकामाला घेऊ नका. उजेडाच्या बाबतीत ३०० निट्स तरी असावेत. २५० निट्सचा पडदा कमाटीबागेत झाडाच्या सावलीत बसलात तरी फिका पडतो. बजेटमध्ये चांगला पडदा बसतच नसेल तर घरी एक बरा आयपीएस मॉनिटर जोडा आणि रंग फक्त त्याच्यावर ठरवा.

दुसरा खर्च रॅमवर, म्हणजे चालू काम धरून ठेवणाऱ्या मेमरीवर. ८ जीबीवर सुरुवात होते, १६ वर काम सुखाने चालतं. ए-३ आकाराचं चित्र ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) म्हणजे ३५०८ गुणिले ४९६१ पिक्सेल. त्याचा एक भरलेला थर (लेयर) मेमरीत सुमारे ७० एमबी जागा घेतो. वीस थर झाले की १.४ जीबी एकट्या चित्राचे, शिवाय विंडोज आणि ब्राउझर आहेतच. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेलं मशीन चित्र दाखवायलाही याच रॅममधून वाटा उचलतं. म्हणून विकत घेताना रॅमचा स्लॉट रिकामा आहे का, की रॅम बोर्डावरच पक्की बसवलेली आहे, हे विचारून घ्या. जोडीने दोन रॅम लावल्या की असल्या मशीनचं ग्राफिक्सही सुधारतं.

बाकीचं थोडक्यात. फाइली साठवायला एसएसडी ५१२ जीबीची. ६४ जीबी ईएमएमसीवाली (एसएसडीपेक्षा संथ साठवण असलेली) अगदी स्वस्त मशीन्स चित्रकामाला निरुपयोगी. टाइप-सीने चार्ज होणारं मशीन मिळालं तर तेच घ्या, ६५ वॅटचा छोटा चार्जर फोनलाही चालतो. गेमिंग लॅपटॉप त्या पैशांत वेगवान दिसतो, पण त्याचा चार्जरच खांदा मोडतो. आणि उन्हाळ्यात लॅपटॉप स्कूटरच्या डिकीत ठेवून दुपारभर उन्हात सोडू नका, उष्णतेने बॅटरी लवकर म्हातारी होते.

जुना घ्यायचा असेल तर कंपन्यांच्या वापरातून निघालेले लॅपटॉप चांगले. त्यांची बांधणी दणकट असते आणि सुटे भाग मिळतात. मात्र इंटेलची आठवी पिढी किंवा त्यानंतरचाच प्रोसेसर घ्या. मोजके अपवाद सोडले तर विंडोज ११ त्याच्या आधीच्यावर अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. दुकानदारासमोरच बॅटरी रिपोर्ट काढा, मूळ क्षमता आणि आजची क्षमता त्यात दिसते.

सॉफ्टवेअरसाठी सुरुवातीलाच कर्ज काढू नका. चित्राला क्रिता, आकृत्या आणि अक्षरांना इंकस्केप, फोटोंना डार्कटेबल, व्हिडिओला केडेनलाइव्ह, ही सगळी फुकट आणि धंद्यालाही चालणारी. दाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती उत्तम आहे, पण ८ जीबीवर ती दमते. फोनवर घेतलेलं फोर-के चित्रीकरण स्वस्त मशीनवर अडखळणारच. घरी प्लग लावून त्याच्या प्रॉक्सी फाइली, म्हणजे कमी दर्जाच्या लहान नकला, बनवून ठेवा, बाहेर त्यांच्यावर कापाकापी करा. शेवटी फाइल काढताना सॉफ्टवेअर मूळ चित्रीकरणच वापरतं, त्यामुळे दर्जा जात नाही.

आता आपल्या गावचा खास विषय. इथल्या मराठी घरांची पत्रिका पुष्कळदा मराठीत आणि गुजरातीत, दोन्हीत लागते. दोन लिप्या शेजारी आल्या आणि अक्षरांची जाडी जुळली नाही की पत्रिका ठिगळ लावल्यासारखी दिसते. 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे मुक्ता आणि मुक्ता वाणी हे देवनागरी-गुजराती फॉन्ट एकाच घराण्यातले आहेत, बलू आणि बलू भाई ही तशीच दुसरी जोडी. सगळे मोफत. देवनागरीत मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' येतात का हे तपासा, कारण काही फॉन्टांत भाषा मराठी निवडल्याशिवाय ते हिंदी वळणाचे राहतात. घरातल्या आजोबांना ते पहिल्या नजरेत खटकतं, आणि त्यांचं खटकणं रास्तच असतं. छापखान्यात जुने, युनिकोड नसलेले फॉन्ट अजून चालतात. म्हणून फाइल देताना अक्षरांचं कर्व्हमध्ये, म्हणजे आकृत्यांत, रूपांतर करून पीडीएफ द्या, म्हणजे तिथे आपला फॉन्ट नसला तरी अक्षर बिघडत नाही, आणि दुरुस्तीसाठी मूळ फाइल लॅपटॉपवर जवळ ठेवा.

गरब्याच्या रात्रीचा क्रम मात्र काटेकोर असावा. २४ मेगापिक्सेलची एक रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेला मूळ फोटो) साधारण २५ ते ३० एमबीची, म्हणजे पाचशे फोटो झाले की १२ ते १५ जीबी. मध्यंतरात कार्ड लॅपटॉपवर उतरवा, त्याच वेळी बाहेरच्या एसएसडीवर दुसरी प्रत घ्या. निवड रॉसोबत काढलेल्या जेपेगवर करा, रॉ उघडत बसू नका. निवडलेले फोटो आयोजकांना धाडा, ते उघडले का ते फोन करून विचारा, आणि दोन्ही प्रतींतले चार-दोन फोटो स्वतः उघडून बघितल्याशिवाय कार्ड पुसू नका.