सशाच्या पिल्लांच्या शेपटीखाली चिकटणारी मऊ लेंडी: माझा अनुभव

अंगणातल्या खुराड्यात ठेवलेली कोवळी जोडी. शेपटीखाली काळपट, चिकट, उग्र वासाचे घोस अडकायचे, माशा घोंगावायच्या. गोल कोरड्या लेंड्या मात्र नेहमीसारख्या पडत. म्हणजे हे जुलाब नव्हेत. ससा जी मऊ लेंडी परत खातो, तीच खायची राहत होती.

आंघोळ घातली, गाजर बंद केलं, जाळी धुतली. फरक शून्य, वैताग नुसता.

उतार पडला तो असा. आधी मळ कोमट ओल्या फडक्याने पुसून जागा लगेच कोरडी केली. पाव, बिस्किट, फळं पूर्ण बंद. गोळीखाद्य आठवडाभरात हळूहळू निम्म्यावर (एकदम तोडलं तर पोट बिघडतं), आणि वाळलेली हरळी चोवीस तास समोर. बुरशीचा वास आला की ती फेकायची. माशी तिथेच अंडी घालते, म्हणून रोज दोनदा शेपटी उचलून बघायचं. पाण्यासारखं पातळ झालं किंवा खाणं थांबलं, तर त्याच दिवशी पशुवैद्य.