बँकेने नियमाबाहेर कापलेले शुल्क परत कसे मिळवावे

किमान शिल्लक न ठेवल्याबद्दलचा दंड, ओव्हरड्राफ्ट खात्यावर (शिल्लकेपेक्षा जास्त रक्कम कर्जाऊ वापरू देणाऱ्या खात्यावर) चढवलेले दंडात्मक शुल्क किंवा न वापरलेल्या सेवेपोटी कापलेली रक्कम परत हवी असेल, तर बहुतेक खातेदार शाखेत जाऊन विनंती करतात, आणि ती मान्य करायची की नाही हे शाखाधिकाऱ्यांच्या मर्जीवर राहते. त्याऐवजी ही कपात रिझर्व्ह बँकेच्या कोणत्या नियमाला धरून केली, असा नेमका प्रश्न लेखी विचारावा. नियम आपल्या बाजूने असेल तर पैसे परत मागणे हा हक्क आहे, आणि अर्जाची भाषाही तशीच असावी.

सुरुवात खातेउताऱ्यापासून करावी. पासबुकातील नोंदी संक्षिप्त असतात, त्यामुळे शक्यतो गेल्या दोन-तीन वर्षांचे संपूर्ण स्टेटमेंट घ्यावे आणि प्रत्येक कपातीची तारीख, रक्कम व कारण वेगळ्या कागदावर उतरवावे. ज्या नोंदीचा अर्थ लागत नाही, तिचा खुलासा शाखेकडून मागून घ्यावा. बँकेचे सेवाशुल्काचे दरपत्रक तिच्या संकेतस्थळावर असते. कपातीच्या तारखेला जे दर लागू होते त्यांच्याशीच ताळा करावा, कारण दर बदलताना बँकेने खातेदाराला एक महिना आधी कळवणे अपेक्षित असते.

सर्वाधिक तक्रारयोग्य कपाती किमान शिल्लकेच्या दंडात सापडतात. रिझर्व्ह बँकेने २० नोव्हेंबर २०१४ रोजी काढलेल्या आणि १ एप्रिल २०१५ पासून लागू झालेल्या परिपत्रकानुसार, शिल्लक ठरलेल्या मर्यादेखाली गेली की बँकेने एसएमएस, ईमेल किंवा पत्राने तसे स्पष्ट कळवावे लागते आणि शिल्लक पूर्ववत करण्यासाठी किमान एक महिन्याची मुदत द्यावी लागते. ही सूचनाच दिली नसेल तर दंडाचा पायाच उरत नाही, म्हणून तक्रारीत सर्वप्रथम सूचनेचा पुरावा मागावा. दुसरी अट अशी की दंड तुटीच्या प्रमाणात असला पाहिजे. ठरलेली शिल्लक ५,००० रुपये आणि प्रत्यक्षातील ४,८०० असेल, तर तूट फक्त २०० रुपयांची आहे. बँकेला टप्पे ठरवता येतात, परंतु २०० रुपये कमी असणाऱ्याला आणि खाते रिकामे ठेवणाऱ्याला एकच रक्कम आकारणे या अटीत बसत नाही.

तिसरी अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते: केवळ या दंडामुळे बचत खात्यातील शिल्लक ऋण होता कामा नये. खाते आधीच रिकामे असताना दंड चढत जातो, खाते ‘मायनस’ दिसू लागते आणि मग जमा झालेली शिष्यवृत्ती किंवा निवृत्तिवेतन त्यातच वळते होते. ही रक्कम ज्याच्या घरखर्चाची असते त्याच्यावर हा उघड अन्याय आहे. उताऱ्यात अशी ऋण शिल्लक दिसली, तर ती ज्या नोंदीमुळे निर्माण झाली ती नोंद अधोरेखित करून तक्रारीस जोडावी.

दोन वर्षांपेक्षा अधिक काळ खातेदाराने व्यवहार न केल्यामुळे निष्क्रिय ठरलेल्या खात्यावर किमान शिल्लकेचा दंड घेता येत नाही आणि ते पुन्हा सुरू करण्यासाठीही शुल्क आकारता येत नाही. जनधन खात्यासह मूलभूत बचत ठेव खात्याला किमान शिल्लकेची अटच नसते. एसएमएसचे शुल्क प्रत्यक्ष वापरानुसार असावे. यंत्रातील बिघाडामुळे किंवा नोटा नसल्यामुळे फसलेला एटीएम व्यवहार मोफत व्यवहारांच्या संख्येत धरता येत नाही. एटीएममधून रोकड न येता खात्यातून पैसे गेले असतील, तर व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत ते परत जमा झाले पाहिजेत. त्यापुढील प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये भरपाई बँकेने न मागता द्यायची असते.

ओव्हरड्राफ्टची तपासणी वेगळ्या रीतीने करावी लागते. वापरलेल्या रकमेवरील कराराप्रमाणेचे व्याज हे दंड नव्हे, आणि ते परत मागण्यात अर्थ नाही. मात्र रिझर्व्ह बँकेच्या १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकानुसार कर्जाच्या अटी मोडल्याबद्दल बँकेला व्याजदरात भर घालून दंडव्याज लावता येत नाही. वाजवी दंडात्मक शुल्क तेवढे घेता येते आणि त्या शुल्कावर पुन्हा व्याज आकारता येत नाही. नव्या कर्जांना हा नियम १ एप्रिल २०२४ पासून लागू झाला. म्हणून मंजुरीपत्र व करार काढून शुल्काचा दर तिथे नमूद आहे का, ते आकारताना कारण कळवले होते का आणि पुढच्या महिन्याच्या व्याजाच्या हिशेबात ते मिसळले गेले का, हे पाहावे.

तक्रार मराठीत लिहिली तरी चालते. मजकूर साधारण असा असावा: ‘माझ्या बचत खात्यातून अमुक तारखेला अमुक रुपये किमान शिल्लकेच्या दंडापोटी वजा झाले आहेत. त्यापूर्वी मला एक महिन्याची सूचना मिळालेली नाही. सूचना दिली असल्यास तिची तारीख व प्रत द्यावी, अन्यथा ही रक्कम त्यावरील जीएसटीसह माझ्या खात्यात जमा करावी आणि निर्णय लेखी कळवावा.’ अर्जाच्या प्रतीवर शिक्का व तारखेसह पोच घ्यावी किंवा बँकेच्या तक्रार पोर्टलवर नोंद करून तक्रार क्रमांक जपून ठेवावा. तोंडी आश्वासनावर विसंबू नये, कारण पुढची प्रत्येक पायरी या पोचेच्या तारखेपासून मोजली जाते.

तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, विनाशुल्क तक्रार करता येते. त्यासाठी रिझर्व्ह बँकेचे सीएमएस हे ऑनलाइन तक्रार पोर्टल आहे, मार्गदर्शनासाठी १४४४८ हा क्रमांक आहे आणि चंदीगड येथील केंद्राकडे टपालाने पाठवलेली तक्रार कोणत्याही भाषेत चालते. वकिलाची गरज नाही. वकिलामार्फत केलेली तक्रार लोकपाल योजनेत स्वीकारलीच जात नाही. बँकेकडे आधी लेखी तक्रार न करता थेट लोकपालाकडे गेल्यास अर्ज फेटाळला जातो, आणि लोकपालाकडे जाण्यालाही मुदत असल्यामुळे दिरंगाई करू नये. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीत नसल्यामुळे तिच्याविरुद्धची तक्रार सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयाकडे न्यावी लागते.

लोकपालाकडूनही समाधान झाले नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या मुदतीत दाद मागता येते आणि सेवेचे मोल ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही. मात्र तेच प्रकरण आयोगात किंवा न्यायालयात दाखल असताना लोकपाल ते हाती घेत नाहीत, म्हणून लोकपालाकडे आधी जावे. रक्कम परत आली की प्रत्येक कपातीसोबतचा जीएसटीही आला आहे का, हे पाहावे, आणि किमान शिल्लक ठेवणे कायमच कठीण असेल तर त्याच वेळी खाते मूलभूत बचत ठेव खात्यात बदलण्याचा अर्ज द्यावा.