जुन्या नाट्यदिग्दर्शकांच्या सह्या: कुठे शोधाव्यात, कशा पारखाव्यात

१९४० ते १९७० या काळातल्या मराठी नटांच्या सह्या अजून मिळतात, दिग्दर्शकांच्या मात्र विरळा. प्रयोग संपला की वही घेऊन लोक धावायचे ते नटाकडे. म्हणून मो. ग. रांगणेकर, भालबा केळकर किंवा पुरुषोत्तम दारव्हेकर यांची सही कामाच्या कागदांत शोधावी: पोस्टकार्डं, मानधनाच्या पावत्या, प्रमाणपत्रं, प्रॉम्प्टरच्या वह्या, भेट दिलेल्या नाटकांची पहिली पानं. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईत फोर्टच्या फुटपाथवर 'सह्या आहेत का' असं विचारू नका, भाव लगेच चढतो. 'जुनी नाटकं, पत्रं' मागा आणि गठ्ठा स्वतः चाळा.

सहीआधी कागद तपासा. दशमान नाणी, म्हणजे नवे पैसे, १ एप्रिल १९५७ला आली. १९५५च्या पावतीवर नव्या पैशांचं महसुली तिकीट असेल तर ती पावती बनावट. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२चा, त्यामुळे '१९६०च्या' लेटरहेडवर सहा आकडी पिन छापलेला असूच शकत नाही. छापील मजकुरातलं 'कांहीं', 'नाटकें' हे १९६२च्या शुद्धलेखन नियमांआधीचं वळण. पण हाताने लिहिताना जुनी माणसं पुढेही अनुस्वार देत राहिली, तेव्हा एवढ्यावर निकाल देऊ नये. अंधाऱ्या खोलीत अतिनील टॉर्च धरा. झगझगीत निळसर-पांढरा चमकणारा कागद चाळिशीच्या दशकातला असण्याची शक्यता फार कमी.

मग दहापट भिंग. टाकाची किंवा फाउंटन पेनची शाई कागदाच्या तंतूंत किंचित पसरते, रेघ कुठे जाड तर कुठे बारीक होते. बॉलपेनची रेघ मागून बोटाला उठावदार लागते. स्मरणिकांतली सही बहुतेकदा ब्लॉकवरून (धातूच्या ठशावरून) छापलेली असते: सगळीकडे सारखी काळी, कडेला दाबून आलेली शाईची किनार. सही घडीवरून जात असेल तर तिथेच सगळ्यात जास्त वेळ घालवा. घडीच्या फुटलेल्या तंतूंत शाई झिरपलेली दिसली, तर घडी आधी पडली आणि सही नंतर झाली.

तुलनेला त्याच व्यक्तीच्या, त्याच सुमाराच्या किमान तीन खात्रीच्या सह्या हव्यात, आणि लिपीही तीच. करारावरची इंग्रजी सही आणि पत्राखालची देवनागरी सही ताडून काही हाती लागत नाही. हळू, थरथरत, मध्येच पेन उचलून काढलेली रेघ ही नकलेची खूण. पण आजारी किंवा वृद्ध माणसाचा हातही थरथरतो, म्हणून आधी तारीख बघा.

सही कापून चिकटवू नका. तारीख, संस्थेचं नाव, तालमीचा उल्लेख हे सगळं त्या सहीचा पुरावा असतं. कापलेली चिठ्ठी पारखायला जवळपास काहीच उरत नाही. दिग्दर्शकाच्या घरच्या मंडळींकडून कागद घेताना त्यांना स्कॅन करून द्या, आणि तो कुठून, कधी आला हे वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहून ठेवा.

साठवायला पॉलिएस्टरची पाकिटं आणि आम्लविरहित कागद वापरा. पीव्हीसीच्या फाइलला शाई चिकटते, सेलोटेप पिवळा डाग सोडते, लॅमिनेशन परत निघत नाही. आर्द्रता ४५ ते ५५ टक्के ठेवा. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात डब्यात सिलिका जेल टाकून दर पंधरवड्याला बदला, नाहीतर बुरशी आणि कसर लागते. भिंतीवर लावायला रंगीत प्रत चालते; मूळ शाई उन्हात फिकी पडते.

परदेशातल्या संग्राहकाला पाठवणार असाल तर आधी पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे विचारणा करा: ७५ वर्षांहून जुनी, ऐतिहासिक किंवा साहित्यिक मोलाची कागदपत्रं १९७२च्या पुरावस्तू कायद्यात येतात, आणि १९४०च्या दशकातली पत्रं आता त्या वयाची झाली आहेत.