चाकांवरचं घर चोरीला जाऊ नये म्हणून मुक्कामाला पोचल्यावर काय काय करायचं

उसाच्या ट्रॉलीची पिन काढून ती दुसऱ्या ट्रॅक्टरला लावायला किती वेळ लागतो हे आपल्या सांगली-साताऱ्याकडं शाळकरी पोरालाही माहितीये. ओढायची कॅराव्हॅन म्हणजे चोराच्या दृष्टीनं तशी ट्रॉलीच, तिला इंजिन नाही, स्टार्टर नाही, किल्ली लागतच नाही, मागं हुक असलेली कुठलीही गाडी आली की दोन मिनिटांत निघाली. आणि बारा महिने तिच्यातच राहायचं म्हटल्यावर भांडी, कपडे, औषधं, सगळा संसार आत असतो, ती गेली तर रात्री पाठ टेकायची कुठं? आम्ही दोघं सांगलीतलं घर भाड्यानं देऊन तिच्यातच राहतोय, त्यामुळं जे रोज करतो तेच क्रमानं सांगतो.

गाडी थांबवली की आधी हुकाचं कुलूप. कॅराव्हॅनच्या तोंडाशी जी वाटी असते ती बहुतेक ओढणाऱ्या गाडीच्या हुकावरच्या 50 मिमीच्या गोळ्यावर बसते, तर कुलूप असं घ्यायचं की वाटीची पोकळीही बुजली पाहिजे आणि वरचा खटकाही झाकला पाहिजे. आणखी एक बघा, वाटी चासीला ज्या बोल्टांनी जोडलेली असते ते बोल्टही कुलपाच्या आत गेले पाहिजेत, नाहीतर चोर तुमच्या कुलपाला हात न लावता दोन बोल्ट सोडतो आणि स्वतःची वाटी बसवून घेऊन जातो. म्हणून कुलूप घेताना आपल्या कपलिंगचं, म्हणजे ह्या वाटीचं, मॉडेल बघून घ्या, सगळ्यांना सगळं बसत नाही. पाच मिनिटं चहाला थांबलो तरी मी हे लावतो, हिला सुरुवातीला ते अती वाटायचं, आता तीच विचारते "लावलं का?"

मग चाकाचं लॉक. नुसतं टायरला मिठी मारणारं लॉक घेऊ नका, टायरची हवा सोडली की ते ढिलं होऊन निघतं. लॉकचा दांडा किंवा प्लेट रिमच्या भोकातून आत गेली पाहिजे. भडक पिवळ्या रंगाचं घ्या आणि रस्त्याकडच्या बाजूला लावा, लांबून दिसलं की बघणारा दुसरीकडं वळतो. आणि ह्या लॉकची किल्ली गाडीच्याच किल्लीला अडकवा, कारण सकाळच्या घाईत लॉक न काढता गाडी पुढं घेतली तर रिम आणि वरचा पत्रा दोन्ही जातं.

पुढचं छोटं चाक काढून आत ठेवायचं, चारी जॅक खाली सोडून हँडल पण आत. साखळी लावणार असाल तर बाजारातली साधी साखळी कटरनं कटकन तुटते, कडक पोलादाची जाड साखळी घ्या आणि ती जमिनीवर लोळू देऊ नका, जमिनीचा टेका मिळाला की कटरवर सगळं वजन टाकता येतं.

आता खरं सांगायचं तर रस्त्यावर अख्खी कॅराव्हॅन जाण्याआधी तिच्यातले सुटे भाग जातात. उंब्रजच्या अलीकडं हायवेला एका ढाब्यामागं रात्र काढली होती, सकाळी ही चहाला उठली तर पंप चालेना, लाईट लागेना. बाहेर येऊन बघतो तर पुढच्या पेटीचं झाकण नीट लावलेलं, आत बॅटरी नाही, लाल आणि काळी दोन वायरींची टोकं सरळ कापलेली आणि पेटीच्या तळाला बॅटरीचा तेवढा चौकोनी स्वच्छ डाग. आम्ही तिच्यापासून चार फुटांवर झोपलो होतो. आणि गाडी कुठं आहे ते फोनवर दाखवणारा ट्रॅकर त्याच बॅटरीवर होता, म्हणजे तोही बंद. त्यानंतर बॅटरी आत पलंगाखाली घेतली, तिथं हवा खेळायला जाळी ठेवली, सिलिंडरच्या पेटीला कडी-कुलूप केलं, सोलर पॅनलचे बोल्ट साध्या पान्यानं न सुटणारे बसवले.

ट्रॅकर स्वतःची बॅटरी असलेलाच घ्या. पत्र्याच्या पेटीत ठेवला तर सिग्नल मिळत नाही, प्लायच्या किंवा फायबरच्या मागं लपवा, आणि त्याच्या सिमचा रिचार्ज संपला तर तो नुसता डबा आहे, तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. गाडी हलली की फोन वाजेल अशी सोय असलेला बरा. ब्लूटूथचा टॅग आसपासच्या माणसांच्या फोनवरून आपलं ठिकाण कळवतो, त्यामुळं साताऱ्याच्या पोवई नाक्यावर तो ठीक, पण कोयनेच्या रानात जवळपास फोनच नसले तर त्याचा उपयोग नाही.

जागा निवडताना लोकांना एकांत हवा असतो, मला माणसं हवी असतात. गावात थांबायचं असेल तर आधी पोलीस पाटलांना भेटा, आपण कोण, किती दिवस, गाडीचा नंबर काय ते सांगा. एकदा का गावाला माहिती झालं की वाटेनं जाणारी म्हातारीपण विचारते, "पाव्हणं, तुमच्या गाडीपाशी कोण हुभं हुतं वो?" अशी राखण कुठल्या कॅमेऱ्यानं होत नाही. पुसेगाव किंवा मांढरदेवीच्या यात्रेत मात्र गर्दीत गाडी सोडून जाऊ नका, दोघांपैकी एकानं थांबायचं. आणि फोटो टाकायचे ते मुक्काम हलल्यावर टाका.

कागदांचं एकदा बसून करा. चासी नंबर, आरसी, पॉलिसी, कुलपांच्या पावत्या, चारी बाजूंचे फोटो, सगळं फोनमध्ये आणि घरच्या कुणाकडं तरी. ओढणाऱ्या गाडीचा विमा आहे म्हणजे कॅराव्हॅनच्या चोरीचाही आहे असं धरून चालू नका, पॉलिसीत तिचं नाव आणि किंमत वेगळी लिहिली आहे का ते स्वतः वाचा. खिडकीच्या काचेवर चासी नंबर कोरून घ्या आणि टपावर मोठ्या अक्षरात गाडीचा नंबर रंगवा.

आणि एवढं करूनही गेलीच तर आधी 112 ला फोन, शोधत फिरू नका. जवळच्या कुठल्याही पोलीस ठाण्यात जा, हद्द आमची नाही म्हणून परत पाठवता येत नाही, 1 जुलै 2024 पासूनच्या नव्या कायद्यात झिरो एफआयआर लेखी आहे. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती घेऊनच बाहेर पडा आणि त्याच दिवशी विमा कंपनीला कळवा. पोलिसांना ट्रॅकरचं शेवटचं ठिकाण दाखवा, आणि गाडी सातारा-कराडच्या पट्ट्यातून गेली असेल तर आनेवाडी आणि तासवडे ह्या दोन्ही टोलनाक्यांचं फुटेज लगेच मागवायला सांगा, हायवेनं पुण्याकडं न्यायची तर आनेवाडी लागतो आणि कोल्हापूरकडं न्यायची तर तासवडे.